भंगारात निघालेलं कडब्याचं मशीन आणि वाडीचे लक्ष्मणराव

पलूस, कडेगाव, खानापूर, आटपाडी असो, नाहीतर इकडं खटाव, माण, कोरेगाव. जुन्या घराच्या गोठ्यात डोकावून बघा. पोत्यांच्या आडोशाला बिडाचं एक मोठं चाक दिसेल. चाकाच्या आऱ्यांना बाकदार पाती, मागं वैरण सारायची लांबट पेटी, एका अंगाला फिरवायची मूठ. हे कडबा कापायचं हातमशीन. आणि परड्यात चिंचेखाली, अर्धा मातीत रुतलेला, लोखंडी नांगर. मोटरवरची कुट्टी आली तसं मशीन बंद पडलं, ट्रॅक्टर आला तसा नांगर. आता भंगारवाल्याचा टेम्पो दारात येतो, किलोवर भाव होतो, आणि शंभर वर्षं टिकलेलं बीड घणाच्या चार घावांत फुटून पोत्यात जातं.

दुसरीकडं उलटीच तऱ्हा. हायवेच्या ढाब्यावर, हुरडा पार्टीच्या रानात तोच नांगर सोनेरी रंग मारून उभा केलेला दिसतो. फोटो चांगले येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण रंग मारणं वेगळं आणि अवजार पुन्हा चालतं करणं वेगळं. युरोप-अमेरिकेत घोड्यांनी ओढायची गवत कापायची, गोळा करायची जुनी यंत्रं हौसेनं दुरुस्त करणारे लोक आहेत. ते गंज काढतात, मोडलेला दाता नव्यानं ओतून घेतात आणि खरोखरच घोडे जुंपून गवत कापून दाखवतात. आपल्या रानात घोडा कधी औताला नव्हता, बैल होता. आणि आपली वैरण म्हणजे प्रामुख्यानं ज्वारीचा कडबा. त्यामुळं आपल्याकडचं तसलं यंत्र कुठलं म्हणाल, तर हेच कोपऱ्यातलं चाक. ते आपल्या मुलखात रुजवणाऱ्या माणसाचं आयुष्य माहीत असलं तर भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी माणूस दोन मिनिटं थांबेल, म्हणून हा लेख.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घर विद्येचं. पण पोराचं लक्ष पोथीत नव्हतं, हातानं काहीतरी करण्यात होतं. चित्रं बरी काढायचा. शेवटी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथं काही काळानं लक्षात आलं की काही रंग त्याला नीट ओळखूच येत नाहीत. रंगांधळेपणा. चित्रकाराला याहून मोठा घाव नाही. दुसरा कोणी असता तर गाव गाठलं असतं. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघा धरल्या. यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले. पुढं मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला शिक्षक म्हणून लागले. वर्ग संपला की संस्थेच्या कारखान्यात जायचं, यंत्र उघडायचं, आत काय आहे बघायचं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडं कधीच नव्हती. यंत्र खोलून बघणं हीच त्यांची शाळा.

नोकरी चालू असतानाच १८८८ साली सायकलचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला धाडायचे. तिथं थोरले भाऊ रामूअण्णा त्या विकायचे, आणि वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हापासूनचं. सायकल विकायची तर दुरुस्तही करता आली पाहिजे, हे या धंद्यात पहिल्या दिवसापासून होतं. पुढं नांगर विकतानाही ही सवय सुटली नाही.

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून दुसऱ्याच माणसाला जागा दिली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, बिऱ्हाड उचललं आणि बेळगाव गाठलं. आज सुरक्षित नोकरी सोडणाऱ्याला घरचे काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा तर एकोणिसावं शतक संपत होतं, आणि दख्खनात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ जवळजवळ पाठोपाठ पडले होते.

बेळगावच्या छोट्याशा कारखान्यात त्यांनी शेतीसाठी जे पहिलं यंत्र बनवलं, तो नांगर नव्हता. ते होतं कडबा कापायचं मशीन. किर्लोस्कर म्हटलं की लोकांना नांगर आठवतो, फार तर पंप. पण सुरुवात वैरणीपासून आहे. ही गोष्ट आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला जास्त कळेल. कडब्याची पेंढी तशीच जनावरापुढं टाकली तर ते पाला ओरबाडतं, धाट तुडवतं, त्यावर मुततं, आणि निम्मी वैरण उकिरड्यावर जाते. बारीक तुकडे करून घातले की धाटही पोटात जातं. बडमी तीच, पण जास्त दिवस पुरते. दुष्काळामुळंच हे यंत्र त्यांना सुचलं असं मी म्हणणार नाही. विलायतेत असली यंत्रं आधीपासून होती. पण ज्या मुलखानं नुकतीच दावणी रिकाम्या झालेल्या बघितल्या होत्या, तिथं हे यंत्र आलं, हे खरं. २०१२-१३ साली माणदेशात चारा छावण्या लागल्या तेव्हा छावणीत एकेका पेंढीचा हिशेब कसा व्हायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग १९०३ साली लोखंडी नांगर. इथं मात्र गाडं अडलं.

आपला लाकडी नांगर जमीन फाडतो, उलथवत नाही. वरची माती वरच राहते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागं वाकवलेला पत्रा असतो, कुणी त्याला पंख म्हणतं. फाळानं कापलेली मातीची वडी त्या पंखावरून चढते आणि पालथी पडते. हरळी, कुंदा मुळासकट वर येतो आणि उन्हात वाळतो. काळ्या रानात कुंद्यानं ज्यांची जमीन धरली होती त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट होती. पण शेतकरी जवळ येईना. लोखंडानं जमीन विषारी होते, पीक जळतं, अशी समजूत पसरली. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

यावरून आपल्या माणसांना अडाणी ठरवायची घाई नको. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसानं १७९७ साली बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटलं होतं, की बिडानं माती विषारी होते. म्हणजे सातासमुद्रापलीकडं, शंभर वर्षं आधी, भीती अगदी तीच. आणि मला तर वाटतं, विष हे निमित्त होतं. खरी अडचण वेगळी असावी. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार आणि लोहार बलुत्यावर नीट करून द्यायचा, मोबदला सुगीत धान्यानं. लोखंडी नांगराला रोख पैसा लागणार, फाळ झिजला तर तो बेळगावहून येणार, आणि खोल नांगरटीला दोन बैल पुरत नाहीत, चार-सहा जुंपावे लागतात. ज्याच्या दावणीला एकच जोडी आहे तो काय करणार? दुसऱ्याची जोडी मागून पैरा करणार. एवढा सगळा विचार करून माणूस दोन वर्षं थांबला, यात नवल ते काय?

लक्ष्मणरावांनी नांगर गाडीत घालून दाखवत नेला, रानात चालवून दाखवला, आलेल्या तक्रारींवरून त्यात फरक केले. हळूहळू खप वाढला. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा मोकळी करायला सांगितली. गावाची वाढ तिकडून व्हायची होती. भट्टी, साचे, माणसं, सगळं घेऊन जायचं कुठं?

इथं गोष्ट बेळगावातून आपल्या जिल्ह्यांत येते. औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात आहे, तेव्हा ते संस्थान होतं. तिथले बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि लक्ष्मणराव यांची ओळख होती, औंधला देवीच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी घेतलं होतं. बाळासाहेब स्वतः चित्रकार, त्यामुळं रेघेची किंमत त्यांना कळत होती. १९०९ साली ते गादीवर आले. त्यांनी लक्ष्मणरावांना संस्थानातली जागा दाखवली, आणि दहा हजार रुपये कर्जही दिलं. जागा म्हणजे कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ. निवडुंग आणि साप, एवढंच पीक. पाणी नाही, सावली नाही. रेल्वे मात्र दारात, आणि बिडाच्या धंद्याला रेल्वे हीच पहिली गरज.

१० मार्च १९१० ही किर्लोस्करवाडीच्या स्थापनेची तारीख. बरोबर जेमतेम पंचवीस कामगार आणि त्यांची बिऱ्हाडं. कुंडल म्हटलं की आज आपल्याला प्रतिसरकार आठवतं, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू आठवतात. पण त्या धामधुमीच्या तीस वर्षं आधी, त्याच माळावर हे वेगळंच प्रकरण सुरू झालं होतं. पुढं स्टेशनाचं नावच बदललं आणि किर्लोस्करवाडी झालं.

लक्ष्मणरावांनी माणसं कशी गोळा केली हे बघण्यासारखं आहे. रामूअण्णा वसाहतीचा कारभार बघायचे. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सुटलेले, पण यंत्रातलं डोकं असं की शिकलेल्यांनी बघत राहावं. के. के. कुलकर्णी पडेल ते काम करायचे. एकालाही लक्ष्मणरावांनी कागद बघून घेतलं नाही. तुरुंगातून सुटलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं, आणि चोऱ्या झाल्या नाहीत. अस्पृश्यता वाडीत चालायची नाही, हा नियम होता. १९१० चं दशक आणि आपला भाग डोळ्यांसमोर आणा, मग त्या नियमाचं वजन कळेल.

पहिलं महायुद्ध लागलं आणि परदेशी नांगर यायचे थांबले. गिऱ्हाईक आपसूक वाडीकडं वळलं. पण कच्चं लोखंड, दगडी कोळसा, रंग, सगळ्याचीच टंचाई. कोल्हापूरकडं आजही सांगितलं जातं, की शाहू महाराजांनी गडावरच्या निकामी तोफा नांगरासाठी ओतायला दिल्या. जुनं लोखंड वितळून नवं अवजार होणं हे काही नवीन नाही, तर मग आजच्या भंगाराचंच दुःख का, असं कुणी विचारेल. फरक एवढाच की तोफ निकामी झाली होती. आपल्या गोठ्यातलं मशीन निकामी नाही, गंजलंय.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. मूळ हेतू कारखान्याची आणि अवजारांची माहिती लोकांपर्यंत न्यायचा, पण पुढं त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी घरांत वाचलं जाऊ लागलं. आपल्या माळावरून एका नांगरवाल्याच्या कारखान्यानं महाराष्ट्राला मासिक दिलं, ही गोष्ट आपण फारशी मिरवत नाही. मिरवायला हवी.

नांगर आणि कडब्याचं मशीन यांच्या जोडीला उसाचा चरक आला, शेंगा फोडायचं यंत्र आलं. १९२६ च्या सुमारास पंप. त्याच वर्षी थोरला मुलगा शंतनुराव अमेरिकेतून इंजिनिअर होऊन आला. तिकडं सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोडला, धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला आणि तेही लोखंडी नांगर करू लागले. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे काही महिने पंतप्रधान होते. त्यामुळं परड्यातला नांगर उचललात तर त्याच्यावर किर्लोस्कर असेल किंवा कूपर असेल. दोन्ही आपलेच.

पुढची वर्षं भरभर सांगतो, कारण ती पुस्तकांत सापडतात. १९४१ साली हरिहरला कारखाना, १९४६ साली पुण्याला इंजिनं आणि बेंगळुरूला विजेची यंत्रं. धंदा मुलांच्या हाती गेला. १९४८ च्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. भट्टीपासून वसाहतीपर्यंत जे एकेक वीट करून उभं केलं होतं, त्यातलं बरंच म्हातारपणी जळालेलं त्यांना बघावं लागलं. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

आता गोठ्यातल्या चाकाकडं या. कुणी ते चालतं करायचं ठरवलंच, तर चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. त्या लक्ष्मणरावांच्या कामाशीच जोडलेल्या आहेत.

पहिलं म्हणजे नाव शोधा. बिडावर ओतीव अक्षरं असतात, गंजाखाली दबलेली. तारेच्या ब्रशनं हळू घासा. ग्राइंडर लावलात तर गंजाबरोबर अक्षरंही जातील, आणि मशीन कुठलं हे कळायची एकमेव खूण जाईल. नाव किर्लोस्करचं निघेलच असं नाही. पुढं सांगली-कोल्हापूरच्या बऱ्याच फाउंड्र्यांनी अशी मशीनं केली. तीही राखण्यासारखीच.

दुसरं, बीड म्हणजे पोलाद नव्हे. पोलाद वाकतं, बीड तडकतं. अडकलेला नट घणानं सोडवायला गेलात तर नटाऐवजी चाकाची आरी तुटेल. रॉकेल किंवा डिझेल मुरवत ठेवा, चार दिवस, आठ दिवस, रोज थोडं. मग गरज पडली तर बाहेरून सावकाश ऊब द्या. तडा असेल तर साध्या वेल्डिंग रॉडनं तो धरत नाही, शेजारी नवा तडा जातो. भाग आधी सगळीकडून सारखा तापवून घ्यावा लागतो, नाहीतर पितळेची झाळ लावावी लागते. हे काम येणारा जुना मिस्त्री तालुक्याला अजून सापडतो. दहा वर्षांनी सापडेल का, सांगता येत नाही. म्हणून म्हणतो, मशीनपेक्षा मिस्त्रीची घाई करा.

एखादा दाता किंवा गिअर पार गेला असेल तर तो ओतून घ्यावा लागतो. मोडका तुकडा फाउंड्रीत देऊन असाच एक करा म्हटलं, तर नवा तुकडा थोडा लहान येतो, कारण वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. साचा तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी आधी कागदावर माप काढावं लागतं. रंग न ओळखणाऱ्या त्या मास्तरांनी मुंबईत पोरांना शिकवलं ते हेच.

नांगराचं काम त्यामानानं सोपं. फाळ झिजायचाच असतो, तो बदलता यावा म्हणून वेगळा बसवलेला असतो. पंख मात्र मूळचा ठेवा, घासून गुळगुळीत करा आणि तेलाचा हात फिरवा. खडबडीत पंखावर माती चिकटते आणि बैलाच्या खांद्यावर भार येतो. पंखाच्या तोंडाला सोनेरी रंग तर बिलकूल नको.

कडब्याच्या मशीनमध्ये सगळा खेळ पाती आणि तोंडाची पट्टी यांच्यातल्या फटीचा आहे. पातं पट्टीला घासू नये, पण कागदापेक्षा फार लांबही जाऊ नये. फट जास्त झाली की कडबा कापला जात नाही, वाकतो आणि चोंदतो. पाती धार लावून बसवा, बोल्ट थोडे थोडे आवळत चाक हातानं एकेक फेरा फिरवून बघा, मग ओलसर कडब्याच्या दोन-चार धाटांवर चाचणी घ्या. आणि एक गोष्ट आधी करा. या यंत्रानं आपल्या गावागावांत बोटं नेली आहेत. चाक अडकवून ठेवायला खीळ किंवा साखळी आणि पात्यांवर पत्र्याचं झाकण, हे दोन्ही पहिल्याच दिवशी करून घ्या. मूळ मशीनला ते नव्हतं म्हणून लावायचं नाही, असला हट्ट नको. सुट्टीला घरात नातवंडं येतात, आणि फिरणारं चाक दिसलं की ती आधी तिकडंच धावतात.